टॉलीची जागा भरायची नाही

आम्ही त्या दिवशी दहा जण उतरलो. अकरा नव्हे, दहा. आणि आजही कुणी म्हणत असेल की ब्रॅकनी कॉलेजला त्या शनिवारी अकरावा माणूस मिळाला नाही, तर त्याने ते माझ्या तोंडावर येऊन म्हणावं. माझे गुडघे गेलेत, हात अजून शाबूत आहेत.

मी अँड्र्यू कोस्टेल्निक. पोरं कॉस्टी म्हणायची. एकोणीसशे चौतीस साली मी त्या फुटबॉल संघाचा, तोही चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा, कॅप्टन होतो आणि सेंटर खेळायचो. सेंटर म्हणजे जो मधोमध ओणवा होऊन चेंडू दोन पायांमधून मागे देतो आणि दिल्या क्षणी समोरच्या रेड्याचं डोकं छातीवर घेतो. काम गाढवाचं. पण माझा बाप यंग्सटाउनला पोलादाच्या भट्टीवर होता आणि घरात भावंडांची पलटण होती, त्यामुळे धक्के खाऊन जागेवर उभं राहायचं शिक्षण मला कॉलेजात यायच्या आधीच मिळालं होतं.

मी चेंडू ज्याच्या हातात द्यायचो तो ल्यूशस टॉलिव्हर. टॉली. आमच्या संघातला एकटा काळा मुलगा, आणि सगळ्या ओहायोत त्याच्याइतका वेगाने चेंडू घेऊन पळणारा हाफबॅक मी तरी पाहिला नाही. तीन वर्षं मी त्याला उलटाच बघत आलो, माझ्या पायांमधून. गुडघ्यांवर हात, खालचा ओठ दातात. चेंडू त्याच्या हातात पडला की पुढचं मला काही दिसायचं नाही, कारण तोवर कुणीतरी माझ्या उरावर बसलेला असायचा. मी फक्त स्टँडमधला आवाज ऐकायचो आणि त्यावरून ओळखायचो की आपला टॉली किती लांब गेला.

त्या हंगामात आवाज थांबतच नव्हता. सप्टेंबरात पहिला सामना झाला तेव्हा आमच्याकडे धड हेल्मेटं नव्हती, कातडी फाटलेली, कानावरचे पट्टे सुतळीने बांधलेले. समोरच्या कॉलेजची पोरं हसली. मध्यंतरानंतर हसली नाहीत. ऑक्टोबरात एका मोठ्या विद्यापीठाने आम्हाला बोलावलं, म्हणजे आमचा चुरा करून आपल्या लोकांना खूश करायला बोलावलं, आणि टॉलीने त्यांच्याच मैदानावर त्यांच्या नाकावर टिच्चून तीनदा चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, तीन टचडाउन केले. परतीच्या बसमध्ये आमचा टॅकल, म्हणजे फळीत धडका देणारा, रेड मॅकावॉय इतका ओरडत गायला की ड्रायव्हरने त्याला उतरवायची धमकी दिली.

बाहेरगावी गेलो की हॉटेलवाला टॉलीकडे बघून मान हलवायचा. मग टॉली पिशवी उचलून गावातल्या काळ्या पाद्र्याच्या घरी झोपायला जायचा.

"काय खाल्लंस रे?" सकाळी मॅकावॉय विचारायचा.

"हॅम. गरम बिस्किटं. पीचचा मुरंबा. तुम्ही?"

आम्ही ओटची पातळ पेज गिळलेली असायची.

"अरेरे," टॉली म्हणायचा, "तुम्हा गोऱ्यांचे हाल बघवत नाहीत बुवा."

असा होता तो. जिभेला धार आणि स्वतःच्या पायांवर पूर्ण भरवसा. काही जणांना तो खटकायचा. मला अजिबात नाही.

नोव्हेंबर अर्धा सरला तेव्हा आम्ही एकही सामना हरलो नव्हतो आणि एकच उरला होता, आमच्याच मैदानावर. रदरमोर कॉलेज. व्हर्जिनियाकडची, म्हणजे दक्षिणेतली मंडळी. त्या आठवड्यातल्या सोमवारी कोच बीचम कपडे बदलायच्या खोलीत आले आणि टोपी डोक्यावरच ठेवून बोलायला लागले. एरवी ते आत आले की आधी टोपी खुंटीला अडकवायचे.

बीचम वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण समोर वाईट माणूस असला की भांडणं सोपं जातं.

"शनिवारी टॉलिव्हर खेळणार नाही," ते म्हणाले.

"का? काय झालंय त्याला? ठणठणीत तर आहे," मी म्हणालो.

"रदरमोरची अट आहे. काळ्या खेळाडूसमोर ते उतरत नाहीत. दोन्ही कॉलेजांच्या प्रेसिडेंटांनी सामना ठरवतानाच हे ठरवलंय. सभ्य माणसांमधला समझोता आहे."

तेव्हा ही पद्धतच होती. उत्तरेतली कॉलेजं गुपचूप मान डोलवायची, आपला काळा खेळाडू बसवायची, वर त्याला सभ्यपणा म्हणायची. आणि पुढचं तर ऐकाच.

"बदल्यात तेही त्यांच्या लॅनियरला बसवतायत," बीचम म्हणाले. "त्यांचा सगळ्यात चांगला गडी. लाथ मारून गोल करावा तर त्यानेच. म्हणजे फिट्टंफाट. नुकसान कुणाचंच नाही."

 टॉली बुटाची नाडी सोडत होता, ती त्याने पूर्ण सोडली, मग मान वर केली.

"लॅनियरला विचारलंय का कुणी?"

"टॉलिव्हर, मलाही हे..."

"माझे वडील येतायत, कोच."

टॉलीचे वडील एझ्रा टॉलिव्हर डेटनला न्हाव्याचं दुकान चालवायचे. शनिवार म्हणजे त्यांच्या धंद्याचा दिवस. रविवारी चर्चला जायचं म्हणून सगळी वस्ती शनिवारी दाढी-केस उरकून घ्यायची. त्यामुळे पोराचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता, आणि टॉलीचं हे शेवटचं वर्ष. हा शेवटचा सामना. म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांना सांगून टाकलं होतं, ह्या शनिवारी दाढी वाढली तर वाढू द्या.

"येऊ देत की," बीचम म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "तूही त्यांच्याबरोबर स्टँडमध्ये बस. चांगला कोट घाल. प्रेसिडेंटसाहेबांनी शेजारची जागा ठेवलीय तुम्हा दोघांना."

ते गेले. मॅकावॉयने आपलं हेल्मेट भिंतीवर आपटलं.

"खेळायचंच नाही," तो म्हणाला. "शनिवारी कुणीच उतरायचं नाही. बसू देत त्यांना मैदानावर थंडीत कुडकुडत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. आम्हाला वाटलं, टॉली खूश होईल. तो उठला आणि आमच्याकडे असा बघायला लागला, जणू आम्हीच ती अट घातली होती.

"वा! मला खेळू देत नाहीत म्हणून तुम्हीही खेळणार नाही. मग खेळलं कोण? ते घरी बसून जिंकले, आणि मी तसाही नाही खेळलो. छान. फार छान."

"मग तुझं म्हणणं काय आहे?" मॅकावॉय चिडून म्हणाला.

"मला खेळायचंय! इतकं अवघड आहे का रे समजायला? मला तुमचे रडके चेहरे नकोत, प्रेसिडेंटच्या शेजारची खुर्ची नको. मला चेंडू हवा आणि समोर अकरा माणसं हवीत, आणि माझ्या बापाने ते बघायला हवं. बास."

माझं डोकं तसं सावकाश चालतं. पण त्या क्षणी ते चाललं.

"तुझ्या जागी कुणी उतरणार नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे दहा जण खेळू. तुझी जागा रिकामी."

टॉली माझ्याकडे बघत राहिला. "स्मारक बांधतोयस का माझं, कॉस्टी? मेलोय मी?"

"मेला नाहीस म्हणूनच सांगतोय, गाढवा. तुझ्या जागी दुसरा उभा राहिला की लोक पाच मिनिटांत विसरतील. रिकामी ठेवली तर पूर्ण सामनाभर प्रत्येकाला दिसेल. आणि पुढे कुठे संधी मिळाली, तर ती जागा तुझी आहे. आधी कुणाला हलवायला नको."

"आणि तोवर मी काय करू? शेंगदाणे खाऊ?"

"बाकावर बस. जर्सी घालून."

"कोट घालायला सांगितलंय मला."

"मग घाल की. वरून."

तेव्हा कुठे तो हसला.

आता कोच असताना हे जमणार कसं, असं आजकालची पोरं विचारतात. आज कोच बाजूला उभा राहून माकडासारखे हातवारे करतो आणि खेळाडू बाहुल्यांसारखे नाचतात. आमच्या वेळी तसलं काही नव्हतं. सामना सुरू झाला की कोचने गप्प बसायचं. ओरडला, खूण केली, तर संघाला दंड. बदली खेळाडू पाठवला तरी त्याने आत येऊन पहिला डाव होईपर्यंत ब्र काढायचा नाही, न जाणो कोचचा निरोप घेऊन आला असेल तर. रेफ्रीशी बोलायचं ते कॅप्टनने. आणि मला कॅप्टन पोरांनी निवडलं होतं, प्रेसिडेंटने नाही.

शनिवार उजाडला तो करडा. जमीन वरून गोठलेली, आतून चिखल. स्टँड गच्च भरला होता, गिरणीची पाळी सुटली तसे लोक दोरीला लागून उभे राहत गेले. टॉली बाकाच्या टोकाला लांब कोट घालून बसला, गळ्यापर्यंत बटणं लावून. त्याचे वडील मागच्या रांगेत होते. काळा ओव्हरकोट, काळी टोपी, हात गुडघ्यांवर. प्रेसिडेंटच्या शेजारी ते गेलेच नाहीत.

आम्ही उतरलो. रेफ्री गोर्मन नावाचा बुटका म्हातारा होता, मिशा पिवळ्या पडलेल्या. त्याने आम्हाला मोजलं. परत मोजलं.

"कॅप्टन, एक माणूस कमी आहे."

"नाही साहेब. पूर्ण आहोत."

"मी दहा मोजले."

"बरोबर मोजलेत. अकरापेक्षा जास्त नकोत असा नियम आहे. कमी नकोत असा आहे का?"

गोर्मनने बाकाकडे बघितलं, कोटातल्या टॉलीकडे बघितलं, आणि नाक शिंकरलं. "नाही," तो म्हणाला. "तसा नाही."

बीचमना वाटलं आमची गडबड झालीय. त्यांनी नेड हॅस्केटला पाठवलं, टॉलीचा बदली. तो धावत आला, गोर्मनपुढे उभा राहिला, आणि नियमाप्रमाणे तोंड बंद ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"कुणाच्या जागी?" गोर्मनने मला विचारलं.

"कुणाच्याच नाही. आमच्याकडे जागा रिकामी नाही."

हॅस्केटच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता. मग त्याला कळलं. तो वळला आणि आला त्याच्या दुप्पट वेगाने परत पळाला, आणि बाकावर टॉलीच्या शेजारी जाऊन बसला. बीचमचा चेहरा बिटासारखा लाल झाला, पण ओरडायची सोय नव्हती.

पहिला डाव. मी ओणवा झालो, पायांमधून मागे बघितलं. जिथे तो उभा असायचा तिथे तुडवलेलं गवत होतं आणि पलीकडे स्टँड.  मग मी चेंडू दुसऱ्याला दिला आणि रदरमोरचा रेडा माझ्या छातीवर आला.

दहा जणांनी अकरा जणांशी खेळून बघा एकदा. भोक बुजवायला गेलं की दुसरीकडे भोक पडतं. रदरमोर मूर्ख नव्हते, त्यांनी तेच भोक धरलं. पुन्हा पुन्हा त्याच बाजूने. मॅकावॉयने दोन माणसांचं काम केलं आणि चार माणसांच्या शिव्या दिल्या. तरी दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी टचडाउन केलाच. सहा गुण. वरचा एक गुण लाथेने मिळवायचा, तो मात्र हुकला, कारण लाथ मारणारा लॅनियर बाकावर बसला होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तोवर स्टँडला उमगलं होतं. आधी कुणीतरी ओरडलं, "ए कॉस्टी, तुला मोजता येत नाही का?" लोक हसले. मग हसू थांबलं आणि कुजबुज झाली, आणि ती दोरीपासून मागच्या रांगेपर्यंत गेली. सगळ्यांना ते आवडलं असं नाही. आमच्याच गावचे काही जण म्हणाले की ही नाटकं आहेत, आणि उठून गेले. जाऊ देत. त्यांच्या जागेवर दुसरे बसले.

मध्यंतरात बीचमनी मला कोपऱ्यात घेतलं.

"कोस्टेल्निक, मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. मी नाही दिला."

"प्रेसिडेंट तुझी फी-माफी काढून घेतील. घरी जावं लागेल तुला. भट्टीवर."

"माझा बाप तिथेच आहे. मला रस्ता माहीत आहे."

"तुला काय वाटतं, मला हे आवडतं?"

"आवडत नाही हे माहीत आहे, म्हणून तर डोकं फिरतं माझं!" मी ओरडलो. "आवडत असतं तर मी तुमच्याशी बोललोही नसतो, कोच."

ते वळून बाकाकडे गेले. त्यांनी हॅस्केटला पुन्हा पाठवलं नाही.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये रदरमोरने चेंडू लाथेने उडवून द्यायचा प्रयत्न केला आणि मॅकावॉय मधे घुसला. चेंडू त्याच्या तोंडावर आपटला. अक्षरशः तोंडावर, पुढचा दात गेला. पण तो दातासाठी थांबला नाही, चेंडूमागे रांगत गेला आणि रेषेपलीकडे त्याच्यावर पालथा पडला. टचडाउन! वरचा गुणही मिळाला. सात विरुद्ध सहा. दहा जण सात, अकरा जण सहा. स्टँडमधून जो आवाज उठला तसा आवाज मी टॉलीच्या धावांनाही ऐकला नव्हता. टॉली बाकावर उभा राहून दोन्ही मुठी हवेत नाचवत होता, आणि कोटाच्या खालून त्याचे बूट दिसत होते, मैदानावरचे, खिळ्यांचे.

आता रदरमोरच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा असून दहा जणांकडून हरायचं आणि मग घरी जाऊन ते सांगायचं! शेवटची काही मिनिटं उरली असताना ते आमच्या हद्दीत खोलवर आले, पण टचडाउन काही होईना. समोर गोलच्या उंच दांड्या दिसत होत्या. एक चांगली लाथ, तीन गुण, सामना खिशात.

आणि त्यांच्या कोचने लॅनियरला पाठवलं.

त्यांचं काय चुकलं ते मी सांगतो. त्यांना वाटलं, आम्ही दहा जण खेळतोय म्हणजे आम्ही करार पाळतोय. त्यांचा काळा बसलाय ना, मग झालं. आपण आपली बाजू थोडी मोडली तर कोण विचारणार? करार पाळायचा तो दुसऱ्यानेच, हे आजवर कुणी त्यांना खोटं ठरवून दाखवलं नव्हतं.

लॅनियर आला. उंच, भुऱ्या केसांचा, कपडे स्वच्छ. त्याने हात फुंकून गरम केले.

मी हात वर केला. "मिस्टर गोर्मन, मला बदली खेळाडू हवाय."

"कुणाच्या जागी?" गोर्मन म्हणाला, आणि मी शपथेवर सांगतो, त्याच्या पिवळ्या मिशा हलल्या.

"त्याच्या स्वतःच्या." मी बाकाकडे वळलो आणि फुप्फुसं फाटेपर्यंत ओरडलो, "टॉली!"

तो उठला होताच. कोटाची बटणं सोडायला वेळ नव्हता, त्याने ती तोडली. त्याच्या आणि मैदानाच्या मधे बीचम उभे होते. बीचमनी मैदानावरच्या लॅनियरकडे बघितलं. टोपी काढली, आत काहीतरी लिहिलं असल्यासारखं बघितलं, परत घातली, आणि बाजूला झाले.

टॉली चालत आला. धावला नाही. पूर्ण स्टँड बघत होता आणि तो चालत आला, हेल्मेट हातात.

"उशीर केलास," मी म्हणालो.

"तुम्हीच उशिरा बोलावलंत," तो म्हणाला. बदली खेळाडूने ब्र काढायचा नसतो, पण गोर्मन दुसरीकडे बघत होता.

रदरमोरचा कोच नियम-बियम विसरून किंचाळला. त्यांचा कॅप्टन माझ्यापुढे आला. "हा बाहेर जाईल, नाहीतर आम्ही जाऊ. असं ठरलं होतं."

"लॅनियर बसेल असंही ठरलं होतं," मी म्हणालो. "आणि जायचंच असेल तर फाटक त्या बाजूला आहे. आलात त्याच वाटेने जा."

ते गेले. खरंच गेले. एकेक करून, चिखल झटकत. लॅनियर शेवटी राहिला, चेंडू हातात घेऊन, दांड्यांकडे बघत. "मारला असता मी," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने चेंडू जमिनीवर ठेवला आणि तोही गेला. गोर्मनने घड्याळ काढलं, नियमाने थांबायचं तितका थांबला, आणि माझा हात वर केला. समोरचा संघ मैदान सोडून गेला. ब्रॅकनी विजयी. पूर्ण हंगाम अजिंक्य.

टोप्या उडाल्या. बँड वाजला. लोक दोरीखालून आत शिरले. दात पडलेला मॅकावॉय मला मिठी मारून बोबडं ओरडत होता. आणि मी टॉलीकडे बघितलं.

तो मैदानाच्या मधोमध उभा होता. आम्ही सगळे डोक्यापासून पायापर्यंत चिखलात, आणि त्याची जर्सी घडी मोडल्यासारखी स्वच्छ. लोक त्याची पाठ थोपटत होते आणि तो हसत नव्हता.

त्याचे वडील दोरीपाशी आले होते.

"संपलं का?" त्यांनी विचारलं.

"हो, पपा. जिंकलो."

"तू काय केलंस?"

टॉलीने खाली बघितलं. "उभा राहिलो."

"उभा राहिलेला तू मला दुकानातही दिसतोस," मिस्टर टॉलिव्हर म्हणाले. "त्यासाठी मी शनिवार बुडवला नाही."

टॉलीचे डोळे भरले. मला तिथल्या तिथे कुणाचंतरी डोकं फोडावंसं वाटलं, पण ज्यांचं फोडायचं ते फाटकाबाहेर गेले होते. जिंकलो म्हणे! त्या पोराने एक गोष्ट मागितली होती, आणि आम्ही त्याला सोडून सगळ्यांना सगळं मिळवून दिलं होतं.

तेवढ्यात हॅस्केट धापा टाकत आला. त्याच्यामागे आमची दुसरी फळी, सगळीच्या सगळी. ह्या पोरांना सामना खेळायला क्वचित मिळायचा. हंगामभर सरावात त्यांचं काम एकच, येत्या शनिवारी जो संघ येणार त्याची नक्कल करायची आणि आमचा मार खायचा. त्या आठवड्यात ते रदरमोर झाले होते.

"कॅप्टन," हॅस्केट म्हणाला, "रदरमोरचे सगळे डाव आम्हाला पाठ आहेत. ते गेले तर गेले. आम्ही होतो ना रदरमोर."

मी गोर्मनकडे बघितलं.

"सामना संपलाय," गोर्मन म्हणाला. मग त्याने घड्याळ कानाला लावलं. "पण मला घरी जायची घाई नाही." आणि त्याने शिट्टी फुंकली. "लोक मागे घ्या! मागे! दोरीच्या मागे!"

लोक मागे सरले. का, ते बहुतेकांना कळलं नव्हतं, पण शिट्टी म्हणजे शिट्टी. दुसरी फळी समोर उभी राहिली. अकरा जण. आम्हीही अकरा. हॅस्केट गुडघे वाकवून टॉलीच्या समोर आला, आणि त्याचा चेहरा पडला, कारण सरावात टॉलीला धरायला तो नेहमी कचरायचा.

"हॅस्केट!" मागून आवाज आला. बीचम रेषेवर उभे होते, हातांचा कर्णा करून ओरडत होते, भर खेळात. "लाज धरू नकोस! कमरेत धर! खांदा घाल!"

मी ओणवा झालो. चेंडू मागे दिला. समोरच्याने मला दणका दिला, मी त्याला दिला, आणि मग मला ऐकू आला तो हाडांचा आणि कातड्याचा एक आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. सगळा स्टँड चिडीचूप. मी वळून बघितलं. टॉली पालथा पडला होता, चिखलात तोंड, आणि त्याच्या पाठीवर हॅस्केट आणि आणखी दोघे. कुणालाच कळेना, ओरडायचं की घाबरायचं.

तेव्हा मागून एक माणूस ओरडला. मिस्टर टॉलिव्हर बाकावर चढले होते, टोपी हातात, डोकं उघडं, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. "शाब्बास, पोरा! असाच धर! परत धर त्याला!"

हॅस्केट उठला. टॉली उठला. नाकातून रक्त, दातांत माती, जर्सी छातीपासून खाली काळी झालेली, आणि तो हसत होता आणि रडत होता, दोन्ही एकदम, आणि ते लपवायची त्याला काही पडली नव्हती.

"कॉस्टी," तो म्हणाला, "परत मलाच दे."

मी दिला. त्या खेळाचे गुण कुणी लिहिले नाहीत, आणि सोमवारी प्रेसिडेंटने फी-माफी काढून मला घरी पाठवलं तेव्हा त्याचं भाषण मी ऐकूनसुद्धा घेतलं नाही. दिवस बुडेपर्यंत आम्ही खेळलो, लोक बसून राहिले, आणि त्या सगळ्या वेळात टॉलीने दुसऱ्या कुणाला चेंडूला हात लावू दिला नाही.